फॉर्ममधलं ते छोटं कॅलेंडर येतं कुठून? जेक्वेरी यूआयची गोष्ट

समजा, तुम्ही आईचा एखादा ऑनलाईन फॉर्म भरताय. जन्मतारखेच्या चौकटीवर क्लिक केलं की खाली एक छोटं कॅलेंडर उघडतं. वर करडी पट्टी, पट्टीच्या दोन्ही टोकांना बाण, मधे महिना आणि साल, आजची तारीख फिकट पिवळी. आईचा जन्म जून १९६२ चा आणि कॅलेंडर उघडलंय जून २०२२ वर. डावीकडचा बाण एकदा दाबला की एक महिना मागे. म्हणजे १९६२ गाठायला ७२० वेळा बाण दाबायचा. चौकटीत हाताने टाइप करावं म्हटलं तर तेही बंद करून ठेवलेलं.

शिव्या अर्थातच त्या वेबसाईटला पडतात. पण ते कॅलेंडर वेबसाईटवाल्यांनी बनवलेलं नसतंच. ते बहुतेक वेळा कुठल्यातरी फुकट, मुक्त लायब्ररीतून उचललेलं असतं, आणि गेली पंधरा-सतरा वर्षं या कामासाठी सर्वात जास्त वापरली गेलेली लायब्ररी म्हणजे जेक्वेरी यूआय. गंमत म्हणजे तिच्या कॅलेंडरमध्ये थेट साल निवडायची यादी आहे. फक्त ती मुळात बंद असते, प्रोग्रामरने एक पर्याय चालू करावा लागतो. चालू केल्यावरही यादीत मागची दहा आणि पुढची दहा वर्षंच दिसतात, ती मर्यादा वेगळी वाढवावी लागते. आपल्या फॉर्मवाल्याने हे दोन्ही केलेलं नसतं, एवढंच.

तर ही लायब्ररी कुणी बनवली, का बनवली, आणि आज तिचं काय झालं, ते बघू.

ब्राउझरकडे कॅलेंडरच नव्हतं

वेबपेज ज्या भाषेत लिहिलं जातं त्या एचटीएमएलची ४.०१ ही आवृत्ती डिसेंबर १९९९ मध्ये आली. त्यात फॉर्मसाठी काय होतं? मजकुराची चौकट, टिकमार्कचा चौकोन, गोल बटण, खाली उघडणारी यादी, फाइल जोडायची सोय आणि एक बटण. संपलं. तारीख निवडायला कॅलेंडर नाही. सरकवून किंमत ठरवायची पट्टी नाही. दोन अक्षरं टाइप केल्यावर खाली सुचवण्या येणं नाही. फाइलींच्या कप्प्यांसारखे टॅब नाहीत. पानावर वर येऊन ‘नक्की डिलीट करायचं का?’ असं नीट विचारणारी खिडकी नाही.

या सगळ्या वस्तूंना विजेट म्हणतात. पानावरचा एक स्वतंत्र, हाताळता येणारा तुकडा म्हणजे विजेट. विंडोजच्या सॉफ्टवेअरमध्ये हे तुकडे तयार मिळायचे. वेबवर मात्र प्रत्येकाने जावास्क्रिप्ट लिहून आपलं आपण बनवायचं.

आणि ते बनवणं म्हणजे डोकेदुखी होती. इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला ऑगस्ट २००१ मध्ये आणि ७ आला ऑक्टोबर २००६ मध्ये. मधली पाच वर्षं जगातला सर्वात जास्त वापरला जाणारा ब्राउझर जागचा हलला नाही. वापरकर्त्याने क्लिक केलं की प्रोग्रामला ते कळवायची त्याची पद्धत वेगळी आणि फायरफॉक्सची वेगळी. एकाच कामासाठी दोनदा कोड लिहायचा, मग दोन्हीकडे तपासायचं.

जानेवारी २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या बारकॅम्पमध्ये जॉन रेसिग या तरुण प्रोग्रामरने जेक्वेरी लोकांसमोर ठेवली. ब्राउझरांची ही भांडणं ती पोटात घ्यायची. वरून तुम्ही एकच सोपी ओळ लिहायची, आत कुठल्या ब्राउझरला काय सांगायचं ते जेक्वेरी बघून घ्यायची. ती झपाट्याने पसरली, आणि तिच्यावर आधारलेले प्लगइन धडाधड निघू लागले.

पण प्लगइनांच्या या बाजारात प्रत्येकाची तऱ्हा वेगळी होती. एकाचं कॅलेंडर, दुसऱ्याचे टॅब आणि तिसऱ्याची खिडकी एका पानावर आणली की रंग जुळायचे नाहीत, आज्ञा वेगवेगळ्या, आणि एकाने दुसऱ्याचं बिघडवलं तर जबाबदार कुणीच नाही. स्टीफन पेत्रे यांचा ‘इंटरफेस’ नावाचा एक प्लगइनांचा संच तेव्हा लोकप्रिय होता. त्या कामाच्या पुढे जाऊन पॉल बाकाउस यांच्या पुढाकाराने सप्टेंबर २००७ मध्ये जेक्वेरी यूआय बाहेर पडली. सगळी विजेट्स एका छताखाली, एकाच वळणाची.

फुकट म्हणजे कुठल्या अटीवर फुकट?

जेक्वेरी यूआय काही एकटी नव्हती. याहूने आपली वाययूआय लायब्ररी २००६ मध्ये मुक्त केली होती. डोजोची ‘डिजिट’ होती. आणि एक्स्ट जेएस होती, जी सुरुवातीला याहूच्या लायब्ररीला जोड म्हणून निघाली आणि दिसायला सगळ्यांत देखणी होती.

एक्स्टचा किस्सा सांगायलाच हवा, कारण ‘ओपन सोर्स’ हा शब्द ऐकून आपण निर्धास्त होतो तिथेच तो चावतो. एप्रिल २००८ मध्ये २.१ आवृत्तीबरोबर एक्स्टने आपला परवाना बदलला आणि जीपीएल हा कडक परवाना घेतला. जीपीएलचं साधं म्हणणं असं, की माझा कोड घेऊन बनवलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला देणार असाल तर त्याचा कोडही त्याच अटींवर उघडा करा. ते नको असेल तर पैसे भरून व्यावसायिक परवाना घ्या. जुनी आवृत्ती जुन्या अटींवर राहिली, पण ज्यांनी आपलं अख्खं उत्पादन एक्स्टवर उभं केलं होतं त्यांना पुढच्या दुरुस्त्यांसाठी अचानक दारात नवा हिशेब मांडलेला दिसला. मोठा गदारोळ झाला. कायद्याने एक्स्टवाल्यांचं चुकलं नव्हतं, कोड त्यांचाच होता. पण अनेकांचा विश्वास उडाला तो उडालाच.

जेक्वेरी यूआय एमआयटी परवान्याखाली होती. (सुरुवातीला एमआयटी किंवा जीपीएल यांपैकी हवा तो निवडा अशी मुभा होती, २०१२ नंतर फक्त एमआयटी.) एमआयटी परवाना अर्ध्या पानाचा आहे. कोड घ्या, बदला, विका, फक्त मूळ लेखकांची नोंद काढू नका, आणि काही बिघडलं तर आम्हाला जबाबदार धरू नका. ते शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

मांडव घालणं सोपं, उतरवणं अवघड

कॅलेंडर काढणं हे खरं तर एका दुपारचं काम आहे. सात रकाने, पाच-सहा ओळी, दोन बाण. कठीण असतं ते त्याच्या भोवतीचं सगळं.

जेक्वेरी यूआयने त्यासाठी ‘विजेट फॅक्टरी’ नावाचा एक साचा बनवला. या साच्यातून निघालेल्या प्रत्येक विजेटला काही गोष्टी सारख्याच मिळतात. त्याचे पर्याय असतात, ते नंतरही बदलता येतात. काही घडलं की ते बाहेर कळवतं. ज्या आज्ञांच्या नावाआधी खालची रेघ असते त्या घरातल्या, बाहेरच्यांनी हात लावायचा नाही. आणि प्रत्येकाला स्वतःला नष्ट करायची एक आज्ञा असते.

ही शेवटची आज्ञा नवख्यांना फालतू वाटते. लग्नाचा मांडव आठवा. घालताना सगळे उत्साहात असतात; उतरवताना खड्डे बुजवायचे, तारा काढायच्या, शेजाऱ्याचं दार होतं तसं मोकळं करून द्यायचं, हे करायला कुणी थांबत नाही. विजेट पानावर आलं की तेही खड्डे पाडतं. मूळ चौकटीला नवे गुण चिकटवतं, क्लिक ऐकायला कान लावून बसतं, मेमरी अडवतं. ते काढून टाकताना पान आधी होतं तसंच परत मिळालं पाहिजे. हे करत नाहीत ती विजेट्स असलेलं पान तासभर उघडं ठेवलं की जड होत जातं.

रंगांचा प्रश्नही असाच सोडवला. फिलामेंट ग्रुप या अमेरिकन डिझाईन कंपनीने थीमरोलर नावाचं साधन बनवलं. रंग, कडांची गोलाई, अक्षरांचा आकार निवडा आणि सगळ्या विजेट्सना लागू होणारी स्टाइल फाइल डाऊनलोड करा. तयार थीमपैकी एकीचं नाव होतं ‘स्मूदनेस’. सुरुवातीला वर्णन केलेली करडी पट्टी आणि फिकट पिवळी तारीख तिचीच. इतक्या वेबसाईट्सनी ती जशीच्या तशी लावली, की अनेकांच्या डोक्यात वेबवरचं कॅलेंडर म्हणजे तेवढंच चित्र बसलंय.

माऊस नसलेल्या माणसाचं काय?

एखादी विजेट लायब्ररी चांगली की वाईट हे माझ्या मते इथे कळतं. हात थरथरतो म्हणून माऊस न धरता येणारा माणूस, किंवा दिसत नसल्यामुळे स्क्रीन रीडरवर कान देऊन बसलेला माणूस तुमच्या कॅलेंडरचं काय करेल?

कीबोर्डपासून बघू. तुम्ही म्हणाल, बाणांच्या कळांनी तारीख पुढे-मागे करू. पण जेक्वेरी यूआयच्या कॅलेंडरमध्ये कर्सर मजकुराच्या चौकटीतच राहतो, आणि तिथे डाव्या-उजव्या बाणांना आधीच काम आहे, लिहिलेल्या अक्षरांमधून फिरायचं. म्हणून तारीख हलवायला कंट्रोल दाबून बाण. महिना बदलायला पेज-अप, पेज-डाऊन. चालू महिन्यावर यायला कंट्रोल आणि होम. निवडायला एंटर, मिटवायला एस्केप. वापरणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना हे माहीत नसतं, पण जो दहावा आहे त्याचा फॉर्म याच्यावर अडतो.

खिडकी उघडणाऱ्या विजेटचे प्रश्न आणखी बारीक. खिडकी उघडल्यावर टॅब दाबत राहिलं तर लक्ष खिडकीतच फिरलं पाहिजे, मागच्या पानात घसरता कामा नये. खिडकी बंद झाल्यावर ज्या बटणाने ती उघडली तिथेच परत यायला हवं. पानाच्या डोक्यावर नेऊन सोडलं तर न दिसणाऱ्या माणसाला सगळा रस्ता पुन्हा चालावा लागतो.

स्क्रीन रीडरसाठी एरिया नावाचं वेगळं मानक आहे. त्यात प्रत्येक तुकड्याला ‘मी टॅब आहे’, ‘मी उघडा आहे’, ‘मी इतक्यांपैकी इतकावा आहे’ अशा अदृश्य चिठ्ठ्या लावायच्या असतात. त्याची १.० आवृत्ती वेबचं मानक ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने मार्च २०१४ मध्ये अधिकृत केली, पण जेक्वेरी यूआयवाले त्याच्या आधीपासून मसुद्यावरून काम करत होते. टॅब, ऑटोकम्प्लीट, खिडकी या विजेट्सचं या बाबतीतलं काम त्या काळाच्या मानाने फार चांगलं होतं.

आणि इथे या गोष्टीतली खरी मेख आहे. ज्याच्यासाठी जग ही लायब्ररी घ्यायचं ते कॅलेंडर, म्हणजे डेटपिकर, त्या साच्यातून निघालेलंच नव्हतं. विजेट फॅक्टरी येण्याआधीचा तो कोड. वेगळ्या वळणाचा, गुंतागुंतीचा, स्क्रीन रीडरच्या बाबतीत कच्चा. तो नव्याने लिहायचं ठरलं, काम सुरू झालं, वेगळ्या शाखेत बराच कोडही लिहिला गेला. पण तो मूळ लायब्ररीत कधी आला नाही. कारण जुन्या डेटपिकरचे पर्याय डझनांनी होते आणि त्यांतल्या प्रत्येकावर कुणा ना कुणाची वेबसाईट टेकलेली होती. एक पर्याय काढला तरी कुठेतरी एखादा फॉर्म बंद पडणार. लोकप्रिय वस्तू दुरुस्त करणं हे नावडती वस्तू फेकून देण्यापेक्षा कितीतरी कठीण.

बारा महिने, सात वार आणि मराठी

डेटपिकरबरोबर भाषांच्या फाइलींचा एक फोल्डर येतो. एका फाइलमध्ये महिन्यांची नावं, वारांची नावं, त्यांची लघुरूपं, ‘पुढे’ आणि ‘मागे’ असे चार-दोन शब्द, आठवडा कुठल्या वारी सुरू होतो, तारीख आधी की महिना आधी, आणि मजकूर उजवीकडून डावीकडे जातो का, एवढंच. या फाइली जगभरच्या स्वयंसेवकांनी लिहून पाठवल्या. फेरो बेटांच्या फेरोईज भाषेची फाइल आहे, जी बोलणारे एका मध्यम तालुक्याएवढेही नसतील. एस्पेरांतोचीही आहे. भारतीय भाषांपैकी १.१२ आवृत्तीच्या फोल्डरमध्ये हिंदी, तमीळ आणि मल्याळम आहेत. मराठी नाही.

कुणी मुद्दाम डावललेलं नाही. कुणी पाठवली नाही, म्हणून नाही. अर्ध्या तासाचं काम आहे आणि प्रोग्रामिंग जवळजवळ लागत नाही.

तरी त्यातही एक गमतीची अडचण आहे. कॅलेंडरच्या अरुंद रकान्यांवर वारांची अगदी छोटी रूपं लागतात. इंग्रजीत पहिली दोन अक्षरं तोडली की झालं. मराठीत कॉम्प्युटरला ‘पहिलं अक्षर दे’ म्हटलं तर तो ‘सोमवार’चा ‘स’ देतो, ‘सो’ देत नाही, कारण त्याच्या लेखी काना-मात्रा-वेलांटी ही वेगळी चिन्हं असतात. ‘गुरुवार’चा ‘ग’ होतो. आणि ‘शुक्रवार’, ‘शनिवार’ दोघांचाही ‘श’. म्हणून र, सो, मं, बु, गु, शु, श ही यादी माणसानेच लिहून द्यावी लागते, आणि या फाइलमध्ये तशी जागा आहे. अंक मात्र बदलायची सोय नाही. महिना मराठीत आला तरी खाली तारखा इंग्रजी आकड्यांतच दिसणार.

आणि मग माणसं पांगली

अशी लायब्ररी चालते कशी, हे बाहेरून दिसत नाही. कुणीतरी बिघाड कळवतो. ‘चालत नाही’ एवढं पुरत नाही, बिघाड दाखवणारं लहानात लहान पान बनवून द्यावं लागतं. मग कुणी दुरुस्ती पाठवतो. तिच्याबरोबर चाचणी हवी. ही चाचणी क्यूयुनिट नावाच्या साधनात लिहितात, जे जेक्वेरीच्याच घरात जन्मलं. मग सांभाळणाऱ्यांपैकी एखादा ती दुरुस्ती वाचतो, जुन्या ब्राउझरांत तपासतो, शंका विचारतो. एखादी आज्ञा काढायची तर आधी एका आवृत्तीत ‘ही जाणार आहे’ असं जाहीर करायचं आणि पुढच्या आवृत्तीत काढायची. ऑक्टोबर २०१२ च्या १.९ मध्ये नोटीस दिलेल्या गोष्टी जानेवारी २०१३ च्या १.१० मध्ये काढल्या, तशा. स्कॉट गोन्झालेझ, यॉर्न झेफरर अशी मोजकी माणसं वर्षानुवर्षं हे करत होती. लाखो वेबसाईट्स आणि हाताच्या बोटांवर मोजावे इतके सांभाळणारे, हे प्रमाण मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नवं नाही.

आता आवृत्त्यांच्या तारखा बघा. १.११ जून २०१४ मध्ये. १.१२ जुलै २०१६ मध्ये. आणि १.१३ ऑक्टोबर २०२१ मध्ये. मधे पाच वर्षांहून जास्त अंतर. त्या काळात जग पुढे गेलं होतं. बूटस्ट्रॅप २०११ मध्ये आलं होतं, रिअ‍ॅक्ट २०१३ मध्ये, व्ह्यू २०१४ मध्ये. नवे प्रोग्रामर तिकडे वळले. जेक्वेरीची संस्थाही बदलत गेली. २०१६ मध्ये ती जेएस फाउंडेशन झाली आणि २०१९ मध्ये नोडजेएसच्या संस्थेत मिसळून ओपनजेएस फाउंडेशन.

वेबसाईट्स मात्र तिथेच होत्या. वर्डप्रेसच्या मूळ संचात जेक्वेरी यूआय होती, ड्रुपल ७ मध्येही होती. कोड चालत होता, म्हणून कुणी बघत नव्हतं.

१.१३ आली ती सुरक्षेतली तीन भोकं बुजवत, आणि त्यांतली दोन डेटपिकरमध्येच होती. एक समजून घेण्यासारखं आहे. डेटपिकरला असं सांगता येतं, की निवडलेली तारीख पानावरच्या दुसऱ्या एका चौकटीतही लिही. ती चौकट कुठली हे एका मजकुरातून कळतं. पण त्या मजकुराच्या जागी कुणी एचटीएमएलचा तुकडा घातला तर लायब्ररी त्याला पत्ता न समजता नवा कोड समजायची आणि चालवून टाकायची. वेबसाईटने तो मजकूर बाहेरच्या माणसाकडून येऊ दिला असेल तर त्याची स्क्रिप्ट तुमच्या नावाने तुमच्या खात्यात धावू शकते. १.१३ पासून त्या मजकुराकडे फक्त पत्ता म्हणूनच पाहिलं जातं.

त्याच महिन्यात जाहीर झालं, की जेक्वेरी यूआय आता फक्त देखभालीपुरती चालेल. नवी विजेट्स नाहीत, डेटपिकरचं ते नवं लेखनही नाही. गंभीर दुरुस्त्या तेवढ्या होतील. त्या होतातही, २०२४ मध्ये १.१४ आली. पण १.८ किंवा १.१० लावून विसरून गेलेल्या वेबसाईटला ती दुरुस्ती आपोआप मिळत नाही. एमआयटी परवान्यातलं ते शेवटचं वाक्य आठवा. भोक बुजवायचं काम लायब्ररीवाल्यांनी केलं, नवी फाइल चढवायचं काम वेबसाईटवाल्याचं.

ब्राउझरला जाग आली तोवर

एचटीएमएल५ मध्ये तारखेची वेगळी चौकट आली. आयफोनने ती २०११ मध्ये घेतली, डेस्कटॉप क्रोमने २०१२ मध्ये, फायरफॉक्सने २०१७ मध्ये, आणि मॅकवरच्या सफारीने थेट २०२१ मध्ये. प्रश्न विचारणारी खिडकी सगळ्या मोठ्या ब्राउझरांत यायला मार्च २०२२ उजाडलं. म्हणजे लायब्ररी आली २००७ मध्ये आणि ब्राउझरने ते काम पूर्णपणे आपल्या अंगावर घेतलं चौदा-पंधरा वर्षांनी. तोवरचा सगळा भार या मोजक्या माणसांच्या कोडने उचलला.

आज साधी जन्मतारीख विचारायची असेल तर लायब्ररी आणूच नका, ब्राउझरची चौकट पुरते. फोनवर तर ती जास्त बरी दिसते, आणि साल पटकन बदलता येतं. जेव्हा मधल्या सुट्टीच्या तारखा बंद करायच्या असतात, किंवा येण्या-जाण्याच्या दोन तारखा एकत्र दाखवायच्या असतात, तेव्हा मात्र अजून विजेटच लागतं. तेव्हा जिवंत, सांभाळली जाणारी लायब्ररी निवडा, आणि लावण्याआधी माऊस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डवर ती चालवून बघा.

मराठीचंही एक राहिलं. आता प्रत्येक ब्राउझरमध्ये ‘इंटल’ नावाची सोय असते. तिला भाषा मराठी सांगितली की महिन्यांची आणि वारांची नावं ती स्वतः देते, कुणी फाइल लिहून पाठवावी लागत नाही. आणि तिथे तारीख येते ती ५/६/१९६२ अशी, देवनागरी आकड्यांत.